रूआख हाकोदेश: या हिब्रू शब्दप्रयोगाचा अर्थ कसा लावायचा

‘रूआख हाकोदेश’ म्हणजे ‘पवित्र आत्मा’, हे बहुतेकांना ठाऊक असतं आणि अर्थाचा शोध तिथेच थांबतो. पण ज्या तनाखमधून, म्हणजे हिब्रू बायबलमधून, हा शब्दप्रयोग आला असं आपण धरून चालतो, तिथे तो ‘हा’ या उपपदासह (इंग्रजी ‘the’सारखा, नामाला जोडून येणारा शब्द) एकदाही येत नाही. तिथे त्याची जवळची रूपं फक्त तीनदा येतात. पुढे रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मपंडितांच्या, लिखाणात तो वारंवार भेटतो, आणि त्यांच्या मनातला अर्थ ख्रिस्ती वाचकाच्या मनातल्या अर्थापेक्षा बराच वेगळा असतो. शब्द तोच, पण कोणत्या काळातला कोणता ग्रंथ समोर आहे त्यावर त्याचा अर्थ ठरतो. म्हणून खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने घ्या: आधी उच्चार आणि व्याकरण, मग मूळ ओळी, आणि परंपरा त्यानंतर. सुरुवातच परंपरेपासून केली, तर मूळ ओळीत जे नाही तेही दिसू लागतं.

हाताशी काय हवं

स्वरचिन्हांसह छापलेला हिब्रू मजकूर, एक मराठी बायबल आणि एक शब्दसूची, एवढं पुरतं. सेफारिया या संकेतस्थळावर तनाख, मिश्ना (रब्बींच्या नियमांचा संग्रह) आणि तालमूद (त्यावरची विस्तृत चर्चा) मोफत वाचता येतात. शब्दसूचीत स्ट्राँगचे क्रमांक (बायबलमधल्या प्रत्येक मूळ शब्दाला दिलेले क्रमांक) वापरा: रूआख 7307, त्याचं अरामी (हिब्रूच्या नात्यातली भाषा) रूप 7308, कोदेश (पावित्र्य, नाम) 6944 आणि कादोश (पवित्र, विशेषण) 6918. शेवटचे दोन वेगळे ठेवा. या लेखातलं निम्मं व्याकरण त्या फरकावर उभं आहे.

ओळ शोधताना पहिली ठेच क्रमांकांची लागते. हिब्रू प्रतीत स्तोत्राचं शीर्षकही पुष्कळदा ओळ म्हणून मोजतात. स्तोत्र 51 ला दोन ओळींचं शीर्षक आहे, त्यामुळे मराठीतली 51:11 ही ओळ हिब्रूत 51:13 होते. योएलमध्ये तर अध्यायच बदलतो. ‘मी सर्व देहांवर माझा आत्मा ओतीन’ या आशयाची ओळ मराठीत 2:28, हिब्रूत 3:1. दानीएल 4 मध्ये तीन ओळींचा फरक पडतो. मूळ ओळीत शब्द सापडला नाही की ‘भाषांतरकाराने पदरचं घातलं’ असा निष्कर्ष काढण्याआधी क्रमांक तपासा.

पायरी पहिली: उच्चार

रूआखमध्ये तीन अक्षरं आहेत: रेश, वाव, खेत. मधला वाव इथे व्यंजन नाही. त्याच्या पोटात टिंब असतं आणि तो ‘ऊ’ हा स्वर दाखवतो. शेवटच्या खेतखाली ‘अ’चं चिन्ह असतं. हिब्रूत स्वर एरवी व्यंजनानंतर उच्चारतात, पण शब्दाच्या शेवटी आलेल्या खेतखालचा हा ‘अ’ व्यंजनाच्या आधी म्हणायचा असतो. म्हणून ‘रूखा’ नाही, ‘रूआख’. नवशिके इथे हमखास चुकतात.

हा ‘ख’ मराठी ‘खडू’तला नाही. उर्दू ‘ख़बर’मध्ये घशातून घासत येतो, तो आजच्या इस्रायली उच्चाराला जवळचा. येमेनी ज्यूंच्या वाचनात तो आणखी खालून, घशाच्या तळातून निघणाऱ्या ‘ह’सारखा येतो. दोन्ही बरोबर आहेत, मात्र एकाच वाचनात मिसळू नका.

कोदेशमध्ये कोफ, दालेत, शीन. दालेतसाठी मराठी ‘द’ चांगला चालतो. आघात दोन्ही शब्दांत पहिल्या अवयवावर: रूऽ-आख, कोऽ-देश. मधला ‘हा’ हे निश्चित उपपद आहे, मराठी दर्शक सर्वनाम नव्हे. ते पुढच्या शब्दाला चिकटूनच येतं, म्हणून देवनागरीतही ‘हाकोदेश’ असं जोडून लिहावं. तोडून लिहिलं की मराठी डोळा ‘हा कोदेश’ असं वाचतो.

प्रत्यय लागला की कोदेशचं रूप आखडतं: कोदशो (त्याचं पावित्र्य), कोदशेखा (तुझं पावित्र्य). इथलं स्वरचिन्ह एरवी ‘आ’ वाचतात तेच असतं, पण या जागी ते ‘ओ’ वाचायचं. ‘कादशो’ हे चुकीचं वाचन त्यातूनच जन्मतं.

पायरी दुसरी: दोन नामांची सांधणी

रूआख हाकोदेश हे विशेषण आणि नाम नाही, ती दोन नामं आहेत. हिब्रूत याला स्मिखुत म्हणतात: पहिलं नाम दुसऱ्यावर टेकतं आणि त्यातून षष्ठीचा संबंध तयार होतो. मराठी व्याकरण शिकलेल्याला हे सोपं जावं, कारण आपल्याकडे षष्ठी तत्पुरुष आणि कर्मधारय वेगळे ओळखायला शिकवतात. ‘पवित्र आत्मा’ ही विशेषण-विशेष्याची जोडी आहे. मूळ रचना ‘पावित्र्याचा आत्मा’ अशी आहे. विशेषणच वापरायचं असतं, तर रूआख स्त्रीलिंगी असल्यामुळे ‘रूआख केदोशा’ असं रूप आलं असतं.

उपपद फक्त दुसऱ्या नामाला लागतं, पण निश्चितपणा सगळ्या जोडीला येतो. सर्वनामाचा प्रत्ययही असाच दुसऱ्या नामाला लागतो आणि लागू मात्र पूर्ण जोडीला होतो. म्हणून ‘रूआख कोदशो’ शब्दशः ‘त्याच्या पावित्र्याचा आत्मा’, अर्थाने ‘त्याचा पवित्र आत्मा’.

इथे उत्साह आवरावा लागतो. ‘मूळ अर्थ पावित्र्याचा आत्मा, म्हणजे पवित्र आत्मा हे भाषांतर चुकलं,’ असं पुष्कळदा मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलं जातं. ते बरोबर नाही. हिब्रूत विशेषणं कमी आहेत आणि गुण सांगायला ती भाषा नामच जोडते. यशया 11:9 मध्ये ‘हार कोदशी’ येतं, शब्दशः ‘माझ्या पावित्र्याचा डोंगर’. त्याचं ‘माझा पवित्र डोंगर’ असं भाषांतर कुणाला खटकत नाही. ‘ईर हाकोदेश’ (पवित्र नगर, यरुशलेम), ‘आरोन हाकोदेश’ (सभास्थानातलं तोरा ठेवण्याचं कपाट) आणि ‘लशोन हाकोदेश’ (पवित्र भाषा, हिब्रू) त्याच साच्यातले. शब्दशः रूप ठाऊक असावं, पण त्याच्या जोरावर चांगलं भाषांतर मोडीत काढू नये.

कोदेशचा गाभा ‘वेगळं राखलेलं’ असा आहे. त्यात नैतिक निर्मळपणा येतो, पण आधी येतं ते देवासाठी बाजूला काढलेलं असणं. ‘हाकोदेश’ हा शब्द एकटा आला तर कित्येकदा पवित्रस्थान असाही अर्थ होतो.

पायरी तिसरी: त्या तीन जागा

पहिली जागा स्तोत्र 51, हिब्रू ओळ 13. देवाने आपल्याला दूर लोटू नये आणि ‘रूआख कोदशेखा’ काढून घेऊ नये, अशी ती विनवणी आहे. ही ओळ एकटी वाचू नका. आधीच्या ओळीत ‘रूआख नाखोन’ मागितली आहे, म्हणजे स्थिर, ठाम वृत्ती. नंतरच्या ओळीत ‘रूआख नेदीवा’, म्हणजे मनःपूर्वक तयारी. लागोपाठ तीन ओळींत तोच शब्द, त्यांतल्या पहिल्या आणि तिसऱ्या जागी तो माणसाच्या आतल्या वृत्तीकडे झुकतो, आणि मधल्या जागी ‘तुझ्या पावित्र्याची’ असं म्हणून देवाकडे वळवला आहे. ओळ 19 मध्ये ‘रूआख निश्बारा’, भग्न मन, पुन्हा माणसाचं.

दुसरी आणि तिसरी जागा यशया 63:10 आणि 11. लोकांनी बंड केलं आणि ‘रूआख कोदशो’ला दुःख दिलं. मग प्रश्न येतो: आपली पवित्र रूआख त्यांच्यामध्ये ठेवणारा तो कुठे आहे? संदर्भ मिसरातून सुटका आणि समुद्र पार करण्याचा आहे. ओळ 14 मध्ये परमेश्वराची रूआख लोकांना विसावा देते. इथे ती लोकांमध्ये वावरणारी देवाची उपस्थिती आहे, एखाद्या संदेष्ट्यापुरती प्रेरणा नाही.

दानीएलच्या अरामी भागातला ‘रूआख एलाहीन कादीशीन’ (पवित्र देवांचा आत्मा) हा प्रयोग या तिघांत धरू नये. तिथे बाबेलचा राजा आपल्या भाषेत बोलतो आहे, आणि ‘पवित्र’ हे विशेषण ‘देव’ या अनेकवचनाचं आहे.

पायरी चौथी: नुसत्या ‘रूआख’चा अर्थ ठरवणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. तनाखमध्ये रूआख सुमारे 380 वेळा येतो. शंभराहून अधिक ठिकाणी त्याचा अर्थ साधा वारा आहे. इतरत्र श्वास, जीव, मनःस्थिती, दिशा, देवाची शक्ती. ओळीपुढे बसून चार गोष्टी विचारा. क्रियापद कोणतं: वाहणं, नेणं, भरणं, उतरणं, की बोलणं? रूआख कुणाची: परमेश्वराची, माणसाची, की कुणाचीच नाही? येऊन काय घडतं: समुद्र हटतो, की माणूस संदेश देऊ लागतो? आणि मोजमाप किंवा दिशा दिली आहे का?

शेवटचा प्रश्न विचित्र वाटेल, पण यहेज्केल 42:16 ते 20 उघडा. मंदिराच्या चार बाजू मोजल्या आहेत, आणि प्रत्येक ‘बाजू’साठी शब्द आहे रूआख. तिथे ‘आत्मा’ घातला तर वाक्यच कोसळतं.

सरावासाठी गणना 11 घ्या. ओळ 25 मध्ये मोशेवरची रूआख सत्तर वडीलधाऱ्यांवर ठेवली जाते आणि ते संदेश देऊ लागतात. एल्दाद आणि मेदाद छावणीतच राहिलेले, तरी त्यांच्यावरही ती उतरते. ओळ 31 मध्ये परमेश्वराकडून रूआख निघते आणि समुद्रावरून लावे पक्षी आणते. एकच अध्याय, दोन्ही वेळा देवाकडूनच आलेली रूआख, आणि तरी एक आत्मा, दुसरा वारा. मराठी वाचकाला हे दोन वेगळे शब्द दिसतात, त्यामुळे लेखकाने विणलेला धागा हरवतो. हिब्रू ऐकणाऱ्याला जाणवतं की लोकांचा भार वाटून घ्यायला आणि त्यांची मांसाची मागणी पुरवायला देवाने एकच शक्ती धाडली.

त्याहून दाट विणीचा उतारा यहेज्केल 37, वाळलेल्या हाडांचं खोरं. पहिल्या 14 ओळींत रूआख दहा वेळा येतो. ओळ 1 मध्ये परमेश्वराच्या रूआखने संदेष्ट्याला तिथे आणलं. ओळी 5, 6 आणि 8 मध्ये रूआख म्हणजे श्वास: हाडांवर स्नायू, मांस, कातडी चढली, पण श्वास नाही. ओळ 9 मध्ये तो चारदा येतो. संदेष्ट्याने रूआखला हाक मारायची, चार ‘रूखोत’कडून (अनेकवचन, इथे दिशा किंवा वारे) ये म्हणायचं, आणि मारले गेलेल्यांवर फुंकर घाल म्हणायचं. ‘ये’साठी ‘बोई’ आणि ‘फुंक’साठी ‘उफखी’, दोन्ही स्त्रीलिंगी आज्ञार्थ. ओळ 10 मध्ये ती आत शिरते आणि माणसं उभी राहतात. ओळ 14 मध्ये देव म्हणतो, ‘रूखी’, माझी रूआख मी तुमच्यात घालीन. मराठी प्रतीत या दहा जागांवर पेन्सिलीने खूण करा आणि कुठे श्वास, कुठे वारा, कुठे आत्मा छापलं आहे ते बाजूला लिहा. हा सराव एकदा मन लावून केला, तर शब्दकोशाने न समजणारं पुष्कळ समजतं.

उत्पत्ति 1:2 ही वादाची ओळ. ‘रूआख एलोहीम’ पाण्यावर ‘मेराखेफेत’ होती. हेच क्रियापद अनुवाद 32:11 मध्ये पिलांवर घिरट्या घालणाऱ्या गरुडासाठी येतं, त्यामुळे नुसता सोसाट्याचा वारा हा अर्थ तोकडा पडतो. दुसरीकडे, ओंकेलोसच्या प्राचीन अरामी भाषांतराने इथे देवासमोरून आलेला, वाहणारा वारा घेतला, आणि 1985 च्या ज्यू इंग्रजी भाषांतरानेही ‘देवाकडून आलेला वारा’ असंच केलं. घिरट्यांचं क्रियापद पाहता ‘देवाची रूआख’ सजीव मानणं जास्त पटतं, पण ‘वारा’ म्हणणाऱ्यांना अडाणी ठरवू नये. आणि इथे ‘कोदेश’ हा शब्द नाही, हे विसरू नका.

आणखी एक खाच: स्वरचिन्हं नसतील तर रूआख आणि ‘रेवाख’ (मोकळीक, सुटका) सारखेच दिसतात. 1 शमुवेल 16:23 चा लेखक याच जवळिकीशी खेळतो. शौलावर रूआख आली की दावीद वीणा वाजवी आणि शौलाला ‘रावाख’, मोकळं वाटे.

लिंगाबद्दल

रूआख बहुतेक ठिकाणी स्त्रीलिंगी, काही ठिकाणी पुल्लिंगी. स्तोत्र 51 मध्येच ‘नाखोन’ पुल्लिंगी आणि ‘निश्बारा’ स्त्रीलिंगी आहे. ग्रीक ‘न्युमा’ नपुंसकलिंगी, लॅटिन ‘स्पिरितुस’ पुल्लिंगी, मराठी ‘आत्मा’ पुल्लिंगी. सुरुवातीच्या सुरियानी ख्रिस्ती लिखाणात ‘रूखा’ स्त्रीलिंगीच राहिली आणि तिच्याविषयी मातेच्या प्रतिमा आल्या. हे लक्षात घेण्यासारखं आहे. मात्र शब्दाच्या लिंगावरून देवाचं लिंग ठरवू नये. मराठीत ‘नदी’ ती आणि ‘ओढा’ तो, पाणी दोन्हीकडे सारखंच.

पायरी पाचवी: काळ ओळखा

तनाखनंतर हा प्रयोग पहिल्यांदा ठळकपणे दिसतो तो कुमरानच्या गुंडाळ्यांत, ज्या 1947 पासून मृत समुद्राकाठी सापडू लागल्या. तिथल्या समाजाच्या नियमग्रंथात आणि आभारस्तोत्रांत पवित्र रूआख माणसाला शुद्ध करते, ज्ञान देते, आणि संदेष्ट्यांना तिनेच गोष्टी प्रकट केल्या असं म्हटलं आहे.

मिश्नामध्ये ‘रूआख हाकोदेश’ ठरलेला शब्द होतो, आणि त्याचा मुख्य अर्थ देवाने दिलेली प्रेरणा, संदेश देणारी वाणी. मिश्नाच्या ‘सोटा’ या भागात 9:6 मध्ये खुनी सापडत नसताना करायच्या कालवडीच्या विधीचं वर्णन आहे. वडीलधारे आपलं म्हणणं संपवतात आणि रूआख हाकोदेश त्यांना क्षमेची वार्ता सांगते. त्याच्याच 9:15 मध्ये रब्बी पिन्खास बेन याईर यांची शिडी आहे: तत्परता, निर्मळपणा, शुद्धी, विरक्ती, पावित्र्य, नम्रता, पापभीरुता, भक्तिनिष्ठा, आणि तिथून रूआख हाकोदेश. म्हणजे ती आचरणाने गाठायची अवस्थाही आहे.

तोसेफ्ता (मिश्नाला पूरक संग्रह) आणि तालमूद सांगतात की हग्गय, जखऱ्या आणि मलाखी हे शेवटचे संदेष्टे गेल्यावर रूआख हाकोदेश इस्राएलातून निघून गेली आणि उरली ती ‘बात कोल’, आकाशवाणी. तालमूदच्या ‘मेगिला’ या भागात (7अ) चर्चा येते की एस्तेरचं पुस्तक रूआख हाकोदेशने रचलं का. रब्बी एलिएझर यांचा पुरावा मोठा सुरेख आहे: ‘हामान आपल्या मनात म्हणाला’ असं पुस्तकात लिहिलं आहे, मनातलं लेखकाला कळलं कसं? या एका युक्तिवादात रब्बींच्या शब्दवापराचा नेमका अर्थ सापडतो.

बाराव्या शतकात मैमोनिदीज या ज्यू तत्त्वज्ञाने ‘मार्गदर्शक’ ग्रंथात (भाग 2, प्रकरण 45) संदेशाच्या अकरा पायऱ्या लावल्या. रूआख हाकोदेश दुसऱ्या पायरीवर: जागेपणी, इंद्रियं नेहमीसारखी चालू असताना, काहीतरी आपल्यावर उतरल्याचं माणसाला जाणवतं आणि तो ज्ञानाचे किंवा स्तुतीचे बोल बोलतो. दावीदची स्तोत्रं, शलमोनाची नीतिसूत्रं, उपदेशक आणि गीतरत्न याच पायरीवरची. म्हणून ज्यू ग्रंथात हा शब्द आला की पहिला प्रश्न ‘कोण’ नसून ‘कोणत्या दर्जाची प्रेरणा’ असा ठेवा. शेखीना (देवाचा वास), नेवुआ (संदेश), नेशामा (प्राण) हे शेजारचे शब्द आहेत, पण एकमेकांचे पर्याय नाहीत.

ख्रिस्ती वाचनात ग्रीक नवा करार मध्ये येतो. रोमकरांस पत्र 1:4 मध्ये ‘पावित्र्याचा आत्मा’ अशी हिब्रू वळणाची जोडी ग्रीकमध्ये उतरली आहे. योहान 3:8 मध्ये वारा आणि आत्मा दोन्हींसाठी ‘न्युमा’, म्हणजे हिब्रूतला दुहेरी अर्थ तिथे टिकतो. पुढे इ.स. 381 च्या कॉन्स्टँटिनोपलच्या मतांगिकाराने (श्रद्धेच्या अधिकृत निवेदनाने) पवित्र आत्म्याला प्रभू आणि जीवनदाता म्हटलं, आणि शब्दाला व्यक्तिरूप सिद्धान्ताचं वजन आलं. मडगावच्या मोठ्या चर्चचं पोर्तुगीज नाव ‘एस्पिरितो सांतो’ याच लॅटिन वाटेने आलं. कुरआनातला ‘रूह-उल-कुदुस’ (2:87, 2:253, 5:110, 16:102) हा अरबी भाऊबंद. बहुतेक भाष्यकार तो जिब्रील मानतात.

मराठीत लिहिताना

मराठीतून हिब्रू समजून घेण्याची वाट जुनी आहे. कोकणातल्या मराठीभाषक बेने इस्राएल समाजात काम करणारे जॉन विल्सन यांचं मराठीतलं हिब्रू व्याकरण 1832 मध्ये मुंबईत निघालं. केडगावच्या पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं; ते त्यांच्या निधनानंतर 1924 मध्ये प्रकाशित झालं. जुन्या-नव्या मराठी प्रती शेजारी ठेवून वर दिलेल्या ओळी ताडून पाहा.

खरी अडचण ‘आत्मा’ या शब्दाची आहे. मराठी कानाला त्यात गीता आणि वेदान्त ऐकू येतो: आतला, अजन्मा, अविनाशी, प्रत्येकाचा. तनाखमधली देवाची रूआख बाहेरून येते, दिली जाते, वाटली जाते, काढूनही घेतली जाते. बसालेलला ती कारागिरीसाठी मिळते (निर्गम 31:3), गिदोनाला ती वस्त्रासारखी वेढते (शास्ते 6:34). या ओळी वाचताना ‘आत्मा’चा ओळखीचा अर्थ जाणीवपूर्वक बाजूला ठेवावा लागतो. ‘प्राण’ श्वासाच्या बाजूने जवळचा आहे, पण देवाच्या बाजूने कमी पडतो.

म्हणून ख्रिस्ती उपासनेविषयी लिहिताना रुळलेला ‘पवित्र आत्मा’च ठेवा. तनाखमधल्या त्या तीन ओळींत ‘तुझा पवित्र आत्मा’ किंवा ‘त्याचा पवित्र आत्मा’ ठेवून शब्दशः रूप टीपेत द्या. मिश्ना-तालमूदसाठी मूळ शब्द देवनागरीत ठेवून पहिल्या वापराशी ‘देवाकडून येणारी प्रेरणा’ असा खुलासा करा. नुसत्या रूआखला प्रत्येक ओळीत वेगळा मराठी शब्द द्यावाच लागेल. मात्र एकाच उताऱ्यात तो दोन अर्थांनी आला असेल, जसा गणना 11 मध्ये, तर मूळ शब्द एकच आहे हे वाचकाला तिथल्या तिथे सांगा.